मल्टीस्टेटमध्ये ठेव ठेवण्याआधी एवढं वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा

बँकेत काउंटरला बसते त्यामुळे रोज शंभर प्रकारची कामं समोर येतात, पण एका वाक्याची मला आता धास्ती बसलीये, "मॅडम, एफडी मोडायचीय." मुलीचं लग्न असेल, दवाखाना असेल, घराचा स्लॅब टाकायचा असेल तर मी काही बोलत नाही, पैसा त्यासाठीच ठेवलेला असतो. पण कशाला मोडताय असं विचारल्यावर "तिकडं साडेबारा टक्के देतायत" असं उत्तर आलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिकडं म्हणजे कुठं, तर बस स्टँडसमोर नवीन झालेली मल्टीस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी सहकारी पतसंस्था, काचेचं दार, एसी हॉल, गेल्या गेल्या चहा, आणि आत खुर्चीवर आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला पोरगा.

आमचा भाग मराठवाडा. इथं मोठी रक्कम माणसाच्या हातात आयुष्यात एकदा नाहीतर दोनदा येते. गुरुजी रिटायर झाले की ग्रॅच्युइटी आणि फंड, जमीन रस्त्यात गेली की मावेजा, किंवा मग प्लॉट विकला तर. आणि ही रक्कम खात्यावर जमा झाली की घरच्यांच्या आधी अशा संस्थेच्या एजंटला कळतं, कारण तो वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी दुकानात पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, घ्यायला येतोय, लग्नाकार्यात पंगतीत वाढायला असतो, आजारपणात गाडी घेऊन धावत आलेला असतो. त्याला नाही म्हणणं फार अवघड आहे हे मला कळतं. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तो एजंट काही फसवायला निघालेला नसतो, त्याने स्वतःच्या आईचे पैसेही तिथेच ठेवलेले असतात. म्हणूनच या गोष्टी इतक्या पसरतात.

तर ठेव ठेवताना आपण सगळे पहिला प्रश्न विचारतो किती टक्के. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला प्रश्न हा असायला पाहिजे, उद्या शटर पडलं तर माझे पैसे कोण देणार?

बँकेच्या बाबतीत या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे. रिझर्व्ह बँकेची एक उपकंपनी आहे, डीआयसीजीसी, म्हणजे ठेव विमा महामंडळ. सरकारी बँक, खासगी बँक, ग्रामीण बँक, स्मॉल फायनान्स बँक, सहकारी बँक, या सगळ्यांतल्या ठेवींना तिचा विमा असतो. दर माणशी, दर बँकेमागे ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. हप्ता बँक भरते, आपल्या खिशातून काही जात नाही. ही मर्यादा आधी १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. आणि २०२१ मध्ये कायद्यात बदल झाला त्यामुळे बँकेवर निर्बंध आले तरी ९० दिवसांच्या आत ही विम्याची रक्कम ठेवीदाराला मिळायला हवी, बँक पूर्ण बुडेपर्यंत थांबायचं कारण नाही.

पतसंस्थेला हा विमा नाही. मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटीला पण नाही. हे वाक्य मी काउंटरवर कितीतरी लोकांना सांगितलंय आणि दरवेळी समोरच्याचा चेहरा तोच असतो, कारण त्यांना खरंच वाटत असतं की ती पण बँकच आहे. पासबुक आहे, पावती आहे, लॉकर आहे, नावात अर्बन आहे, मग बँक नाही तर काय? पण साधी पतसंस्था चालते राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली, मल्टीस्टेट चालते केंद्राच्या २००२ च्या कायद्याखाली, तिचा रजिस्ट्रार बसतो दिल्लीत, आणि दोन्हीकडे रिझर्व्ह बँकेचा ना परवाना असतो ना तपासणी. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं होतं की काही सहकारी सोसायट्या नावात बँक शब्द वापरतायत, बँकेसारख्या ठेवी घेतायत, त्यांना परवाना नाही आणि त्यांच्या ठेवींना विमा नाही. ही सूचना आमच्या तालुक्यात किती जणांपर्यंत पोचली असेल?

आता फरक बघा काय पडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढता येतील असा आदेश होता, माणसं रस्त्यावर रडत होती, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. फार वाईट झालं, ५ लाखांच्या वर ज्यांचे पैसे होते त्यांना तर हप्त्याहप्त्याने १० वर्षांची वाट आहे. पण शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली आणि ५ लाखांपर्यंतचा ठेवीदार विम्यामुळे सुटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटी गायब असल्याचं बाहेर आलं, निर्बंध आले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे घोटाळा बँकेतही होतो, माणसं तिथेही तीच आहेत, पण मागे कोणीतरी उभं असतं.

आणि आमच्याकडे बघा. बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटच्या शाखा २०२३ च्या शेवटाकडे बंद व्हायला लागल्या, ठेवीदार लाखोंच्या संख्येत, ऊसतोड कामगारापासून डॉक्टरपर्यंत. त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श नागरी पतसंस्थेचं प्रकरण निघालं. त्याच्या आधी २०१५ च्या सुमारास जळगावची बीएचआर, म्हणजे भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टीस्टेट. यातल्या ठेवीदारांना जायला एक खिडकी नाही. पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, लिक्विडेटर (संस्था गुंडाळून देणी भागवायला नेमलेला अधिकारी) किंवा प्रशासक, एमपीआयडी या राज्याच्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त, मग मूल्यांकन, मग कोर्ट, मग लिलाव, आणि लिलावाला बोली लावायला कोणी येत नाही. सत्तरीतल्या माणसाला हे सगळं सांगताना शब्द जड होतात. माझ्या ओळखीच्या एका मावशींच्या ठेवी अशाच अडकल्यात, संस्थेचं नाव घेत नाही, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या पैशावर ठरलेलं होतं आणि अजून त्या काठी घेऊनच चालतात.

हे साडेबारा-तेरा टक्के येतात कुठून, याचा विचार करून बघा. संस्था तुम्हाला १३ देते, म्हणजे शाखांचं भाडं, पगार, एजंटचं कमिशन, बुडीत कर्जं हे सगळं भागवायला तिला कर्ज १७-१८ टक्क्यांच्या पुढेच द्यावं लागणार. आता जो माणूस बँकेत १०-११ टक्क्यांनी कर्ज घेऊ शकतो तो १८ टक्क्यांनी का घेईल? घेणार तोच, ज्याला बँक दारात उभं करत नाही. किंवा मग चेअरमनच्या स्वतःच्या कंपन्या, ज्यांना व्याजाची चिंताच नसते कारण परत द्यायचं की नाही हे तेच ठरवणार असतात. बहुतेक मोठ्या प्रकरणांत आरोप हाच आहे, ठेवी संस्थेत आल्या आणि संचालकांच्या धंद्यात गेल्या. नव्या ठेवी येत राहतात तोपर्यंत जुन्यांचं व्याज वेळेवर मिळतं, एक दिवसही चुकत नाही, आणि त्या वेळेवर मिळणाऱ्या व्याजामुळेच माणूस आणखी पाच जणांना घेऊन येतो. वेळेवर व्याज हा सुरक्षिततेचा पुरावा नाही हो, कृपा करून हे लक्षात घ्या.

आणि कमावतो किती ते पण मांडून बघा. १० लाखांवर बँकेत समजा ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार, तिकडं साडेबाराने १ लाख २५ हजार. फरक ५५ हजार, महिन्याचे साडेचार हजार. साडेचार हजार कमी नसतात, घरखर्चाला हातभार लागतो, मान्य. पण त्या साडेचार हजारांसाठी आपण अख्खे १० लाख विम्याशिवाय एका माणसाच्या हवाली करतोय.

मग जास्त व्याज कुठं मिळेल असं विचाराल तर ज्यांचं वय ६० च्या वर आहे त्यांनी आधी पोस्टाची किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघावी. केंद्र सरकारची योजना आहे, मुदत ५ वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात, आणि एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला, मर्यादाही १५ लाखांवरून ३० लाख झाली. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, तुम्ही जाल तेव्हाचा विचारा, एकदा ठेवले की तोच दर पाच वर्षं राहतो. ८.२ ने ३० लाखांचे महिन्याला साडेवीस हजार पडतात. मला अजूनही कळत नाही की रिटायर झालेल्या गुरुजींना ही योजना एजंटच्या आधी कोणी का सांगत नाही. त्यानंतर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना, मग बँकांच्या एफडी. सहकारी बँकेत ठेवायचे तर जरूर ठेवा, पण व्याज धरून ५ लाखांच्या आत राहील असं बघा, म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास थांबा. नवऱ्याच्या नावे वेगळी ठेव, बायकोच्या नावे वेगळी आणि दोघांची जॉइंट वेगळी, असं केलं तर प्रत्येकीला ५ लाखांचा विमा वेगळा मोजला जातो. संस्था बँक आहे की नाही ते डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर विमा असलेल्या बँकांच्या यादीत बघता येतं, नातवाला मोबाइलवर शोधायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

बँकेत काम करते म्हणून बँकेबद्दलही सांगते. एफडी करायला गेलात आणि कोणी म्हणालं की त्यापेक्षा हे घ्या, जास्त मिळतं, तर स्पष्ट विचारा, ही एफडी आहे की विमा पॉलिसी? पाच-दहा वर्षं दरवर्षी हप्ता भरायची पॉलिसी म्हाताऱ्या माणसाला एफडी म्हणून विकली जाते, हे होतं, आणि मला त्याची चीड आहे. सही करण्याआधी कागदावर वरती काय नाव आहे ते वाचा, चष्मा विसरला असेल तर दुसऱ्या दिवशी जा. आणि पॉलिसी घेतलीच गेली असेल तर हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात, त्या तारखेच्या आत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सगळ्या पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाहीये. भाजीवाल्याला, टेलरला, रिक्षावाल्याला वीस-पंचवीस हजार उभ्या उभ्या देणारी पतसंस्थाच असते, आम्ही बँकवाले त्यांना कागद मागत बसतो. गावातली जुनी, छोटी, सभासदांना माहीत असलेली संस्था असेल तर पिग्मी चालू ठेवा, वर्षभरात जेवढी साठते तेवढी ठेवा. सभासद आहात तर वार्षिक सभेला जा, अहवाल घ्या, संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय ते त्यात शोधा, नुसत्या ऑडिट वर्ग अ च्या बोर्डावर जाऊ नका. पण ग्रॅच्युइटी, मावेजा, लग्नाचे पैसे, हे तिथं नको. आणि आठवड्याला टक्केवारी देणारं काही आलं, जसं दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानाचं झालं, खडे घ्या आणि आठवड्याला पैसे घ्या, जानेवारी २०२५ मध्ये रात्रीत बंद, तर त्याचा विचारही नको.

आता ज्यांचे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी, कारण त्यांचेच फोन मला जास्त येतात. तक्रार दिली नसेल तर आर्थिक गुन्हे शाखेत द्या, दुसऱ्याने दिलीये म्हणून थांबू नका, ठेवीदारांच्या यादीत तुमचं नाव आणि रक्कम यायला पाहिजे. लिक्विडेटरने किंवा प्रशासकाने दावे मागवले की मुदतीत दावा भरा. ठेवीदार वारला असेल तर वारसाचे कागद आत्ताच तयार करून ठेवा, मग पळापळ होते. सहारा समूहाच्या चार सहकारी सोसायट्यांत पैसे असतील तर त्यासाठी केंद्राने जुलै २०२३ मध्ये रिफंड पोर्टल काढलंय, त्यावर अर्ज करायला पैसे लागत नाहीत.

आणि एक, अशा ठिकाणी दुसरी टोळी फिरायला लागते. "तुमची फाइल मी पुढे सरकवतो, दहा टक्के आधी द्या", किंवा "पावती माझ्या नावे करून द्या, मी आत्ता निम्मे देतो", किंवा मोबाइलवर लिंक येते की रिफंड मंजूर झालाय, ओटीपी सांगा. कोणालाही पैसे देऊ नका, ओटीपी देऊ नका. चुकून दिला गेला तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लाज वाटून रात्रभर थांबू नका, पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी गोठवता आले तर आले. मूळ ठेवपावती आणि पासबुक घरातच ठेवा, मागेल त्याला झेरॉक्स द्या, आणि कुठल्याही ऑफिसात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.