मेथीची जुडी

मावशी आज जिन्यात बसलेली दिसली. मंडईतून येत होती, मांडीवर पिशवी, आणि पिशवीत काय तर एक मेथीची जुडी न् पावशेर मिरच्या. म्हटलं काय गं, पाय घसरला का? तर म्हणे, "नाही रे, बॅटरी संपली. रात्रभर चार्जिंगला लावते, सकाळी परत दहाच टक्के."

तिच्या सासूबाईंचं सगळं अंथरुणात, चार वर्षं झाली, आणि करणारी मावशीच. मावशीचं हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळं नॉर्मल, म्हणून घरात निकाल लागलाय की हे मनाचे खेळ.

मला ती बॅटरी काही सोडेना. शाळेत घोकलेलं ना, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, आणि मेंदू वजनाने जेमतेम २ टक्के पण शरीराची २० टक्के ऊर्जा एकटा खातो. सततच्या टेन्शनचा मार या मायटोकॉन्ड्रियांवर पण बसतो आणि डिप्रेशन, बायपोलर (मूडचे टोकाचे चढउतार होणारा आजार) यांमध्येही त्यांच्या कामात बिघाड दिसलाय (आधी कोण बिघडतं हा वाद चालूच आहे). २०१८ मध्ये अमेरिकेत मार्टिन पिकार्ड या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांचं, म्हणजे मावशीसारखंच सतत कुणाचं तरी करणाऱ्या बायकांचं, रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांची क्षमता इतर आयांपेक्षा कमी निघाली. आणि आदल्या संध्याकाळी मूड बरा असेल तर या क्षमतेचा आकडाही बरा!

म्हणजे मनाचे खेळ, पण खेळतायत पेशीत.

उद्या संध्याकाळी मावशीला तळजाई टेकडीवर फिरायला न्यायचं म्हणतोय. तेवढे दोन तास सासूबाईंपाशी कोण बसणार, यावर घरच्या ग्रुपवर अजून सगळे गप्प आहेत.