फोनचीच स्क्रीन उघडू की!

आज आमच्या फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवायचं साधन) बनवलेल्या ॲपमधलं 'संपर्क निवडा' हे बटण एकदाचं मार्गी लागलं. टीममधला धाकटा म्हणत होता, सगळ्या कॉन्टॅक्ट्सची परमिशन मागू, यादी आपणच काढू. म्हटलं, अरे, एका नंबरसाठी लोकांची अख्खी डायरी कशाला मागायची? फोनचीच स्क्रीन उघडू की!

मग मेथडचॅनल, म्हणजे फ्लटर आणि फोनची मूळ सिस्टिम यांच्यातला निरोप्या. डार्टकडून, म्हणजे फ्लटरच्या भाषेतल्या कोडकडून, नुसता निरोप जातो. अँड्रॉइडवर कोटलिन (तिथली भाषा) 'ॲक्शन पिक'चा इंटेंट, म्हणजे 'निवडायची स्क्रीन उघड' अशी विनंती, सोडतं, आयफोनवर स्विफ्ट (तिथली भाषा) ॲपलचा स्वतःचा कॉन्टॅक्ट पिकर समोर आणतं. माणूस नाव निवडतो, तेवढाच नंबर परत येतो. दोन्हीकडे परमिशनची भानगडच नाही! फक्त युजर काही न निवडता बॅक दाबून आला, तरी कोटलिनने उत्तर द्यायलाच हवं. नाहीतर डार्ट बिचारं 'अवेट'वर, म्हणजे उत्तराची वाट बघत, ताटकळत बसतं, आणि एररही येत नाही. (हे डीबग करणं म्हणजे वैताग.)

ॲपमधून फोनच्या सेटिंग्ज उघडायच्या बाबतीत मात्र ॲपलचा हात आखडता. अँड्रॉइड थेट लोकेशनच्या पानावर नेतं, आयफोन फक्त आपल्या ॲपच्या सेटिंग्जपर्यंत. आता उद्या हे क्लायंटला पटवायचंय. "अँड्रॉइडवर होतं, मग इथे का नाही?" हा प्रश्न येणारच, लिहून ठेवा.