आवाहनावर तारीख घाला

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरसाठी मदतीची आवाहने व्हॉट्सॲपवरून बघता बघता राज्यभर पोहोचली आणि पुण्या-मुंबईहून सामानाने भरलेले टेम्पो निघाले. त्यांत पिण्याचे पाणी, बिस्किटे आणि औषधे होती, तशीच वापरून विटलेल्या कपड्यांची गाठोडीही होती. पूर ओसरल्यावर त्या कपड्यांचे ढीग तसेच पडून राहिले. देणाऱ्यांना नावे ठेवणे सोपे असते, पण माझ्या मते दोष बराचसा आवाहनांचा होता. ‘पूरग्रस्तांना मदतीची गरज आहे, जास्तीत जास्त शेअर करा’ एवढाच मजकूर असेल, तर माणूस घरात जे जास्तीचे असेल तेच देणार. शिवाय तारीख नसलेला निरोप गरज संपल्यावरही फिरतच राहतो, आणि त्याखाली ज्या कार्यकर्त्याचा नंबर असतो, त्याला हातातले काम टाकून ‘आता कपडे नकोत’ हेच दिवसभर सांगत बसावे लागते.

स्वयंसेवी संस्थांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत, याची चर्चा बहुधा किती लोकांपर्यंत पोहोचलो यावर येऊन थांबते. पोहोचलेल्या माणसाने नेमके काय करायचे आणि तो आला तर त्याला कामाला लावणारे पलीकडे कोणी आहे का, हा मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो.

आपल्याकडे याचे सर्वांत नेटके उत्तर पाणी फाउंडेशनने दिले. २०१६मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेली त्यांची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१८पर्यंत ७५ तालुक्यांत गेली. आमिर खान हा चेहरा होता, हे खरेच. परंतु नुसत्या चेहऱ्याने चर खणले जात नाहीत. आधी गावातली निवडक माणसे प्रशिक्षणाला जात आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसे अडवायचे, उताराला आडवी समपातळी रेषा कशी आखायची, हे शिकून गावी परतत. तेच तंत्र समजावणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहता येत. शहरातल्या लोकांना ‘जलमित्र’ म्हणून ऑनलाइन नोंदणी करून १ मे २०१८च्या महाश्रमदानात उतरता आले. ज्याने आयुष्यात कुदळ धरली नव्हती, त्यालाही शिवारात पोहोचल्यावर फक्कीने आखलेल्या रेषा दिसत, खणायचे कुठे हे विचारावे लागत नसे, आणि शेजारी गावकरी घमेली घेऊन उभे असत. या कामांनी भूजल किती काळ टिकले, हा वेगळा आणि रास्त वाद आहे; निरोप आणि काम यांची सांगड मात्र तिथे पक्की होती.

२०१४च्या आइस बकेट चॅलेंजमध्ये डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेणारे अनेक जण निव्वळ गंमत म्हणून त्यात उतरले असतील. तरीही ‘पाणी ओता, देणगी द्या आणि पुढच्यांची नावे घ्या’ ही सूचना इतकी सुटसुटीत होती की अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे आठ आठवड्यांत ११.५ कोटी डॉलर जमा झाले, आणि त्यांतला मोठा वाटा एएलएस या असाध्य मज्जाविकारावरील संशोधनाकडे गेला. हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी त्याच वर्षी त्याचे भारतीय रूप काढले: आपल्या परिसरातल्या गरजू माणसाला बादलीभर तांदूळ द्यायचा आणि इतरांनाही तसे करायला सांगायचे. हे रूप मला अधिक आवडते, कारण त्यात पैसा मध्ये कुठे अडकतच नाही.

छोट्या संस्थेकडे नट नसतो आणि चित्रफिती काढायला माणूसही नसतो. तिने रोज सुविचार टाकण्याऐवजी महिन्यातून एकच पोस्ट टाकावी, पण तिच्यात हव्या असलेल्या वस्तू, त्यांची संख्या, पोहोचवण्याचा पत्ता आणि शेवटची तारीख असावी. वस्तू मिळाल्या की तीच पोस्ट संपादित करून वर ‘गरज पूर्ण झाली’ असे लिहावे. देणगीदाराला आयकर सवलतीसाठीची पावती वेळेवर मिळणे आणि त्याच्या पैशांतून काय घेतले हे त्याला दिसणे, यांमुळे तो पुढच्या वर्षी पुन्हा देतो. किती जणांनी लाइक केले, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते.

फोटोंबद्दल मात्र मी आग्रही आहे. बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७४नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही बालगृहातल्या वाढदिवसाच्या केकभोवती उभ्या केलेल्या मुलांचे चेहरे फेसबुकवर सर्रास दिसतात, अनेकदा देणगीदाराच्याच हट्टामुळे. अशा वेळी नकार संस्थेनेच द्यायला हवा, आणि तो केक कापण्याआधी, भेटीची वेळ ठरवतानाच सांगितलेला बरा.