आमची वाटचाल : अंबडचा गाळा आणि आषाढातले खाडे

१९९८ साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन टरेट लेथ, म्हणजे धातूचे गोल भाग कातायची मशीनं, बसवली. भागीदार दीड वर्षात बाहेर पडला आणि जाताना माझा बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर घेऊन गेला. शून्याला इतका चोख बसणारा मायक्रोमीटर मला पुन्हा मिळाला नाही. नव्या मुलांना सांगतो, पैसे उसने द्या, मोजायची हत्यारं देऊ नका.

पुढची पंधरा-सोळा वर्षं कामात गेली. जुलै २०१६ मात्र विसरत नाही. सोमवारी पहिल्या पाळीला नऊपैकी चारच ऑपरेटर हजर. बाकीचे त्र्यंबक, इगतपुरी, पेठ तालुक्यांतले. पाऊस लागला, आवणी म्हणजे भाताची लावणी निघाली, माणसं गुडघाभर चिखलात. इकडे बुशची, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या पोकळ नळकांड्यांची, ऑर्डर अर्धवट. दोन गाळे सोडून असलेल्या शेजाऱ्यानं नेमका डाव साधला. आमच्या मोठ्या ग्राहकाला जाऊन म्हणाला, ‘त्यांच्याकडे माणसं टिकत नाहीत.’ अर्धी ऑर्डर त्याच्याकडे गेली. बँकेचे दोन हप्ते थकले.

त्या आठवड्यात सातपूरचे आप्पा, आमचे सगळ्यात जुने ग्राहक, चहाचा थर्मास घेऊन आले. मी टरेटवर उभा आणि ते शेजारी स्टुलावर, भोकाचं माप तपासायचा प्लग गेज घेऊन एकेक बुश तपासताहेत. गेजचं ‘गो’ टोक भोकात जायला हवं, ‘नो-गो’ टोक अडायला हवं. रात्री एक वाजेपर्यंत हेच. स्वतःचा माल सोडून दुसऱ्याचा तपासणारा ग्राहक मी दुसरा पाहिला नाही.

मग मी हजेरी बक्षीस लावलं. महिनाभर खाडा नाही तर पाचशे रुपये. फसलं. एक जण अंगात ताप घेऊन आला, मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा आकडा, चुकीचा टाकला, अख्खी बॅच भंगारात. आमच्या बावीस जणांना ईएसआय, म्हणजे कामगार विमा, होता, आजारपणाच्या रजेत सत्तर टक्के पगार मिळतो, पण ते त्यांना मी कधी नीट सांगितलंच नव्हतं.

शेवटी एका हेल्परनं तोंडावर सांगितलं, ‘शेठ, रजा मागितली की तुम्ही बघू म्हणता. म्हणून न सांगता जातो.’ तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यात २४० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक पगारी रजा होती. मी ती दिवाळीत पैशांत मोजून मोकळा व्हायचो.

आता ज्येष्ठातच भिंतीवर कॅलेंडर लागतं. आवणी कुणाची, पौषात निवृत्तिनाथांची यात्रा कुणाची, द्राक्षाची काढणी कुणाच्या घरी, ज्याचं त्यानं लिहायचं. एका वेळी दोघांपेक्षा जास्त नाहीत. प्रत्येकाला दुसरं एक मशीन चालवता आलंच पाहिजे. खाडे पूर्ण थांबले नाहीत. पण आता आदल्या दिवशी कळतं. तुमच्याकडे माणूस आला नाही, तर दहा वाजता फोन करा. ओरडायला नको, कधी येतोस एवढंच विचारा.

मागच्या आषाढात त्याच शेजाऱ्याचा फोन आला. ‘दोन ऑपरेटर आठवड्यापुरते देता का?’

मी म्हटलं, बघू.