तुम्ही विचारलंत म्हणून: जहाजं उभीच का?

घरी कुणीही आलं की टेबलावर फळीवर मांडलेली माझी जहाजांची मॉडेलं बघून एकच विचारतं, युद्धाची जहाजं आहेत तर बांधून का ठेवलीत, तोफा चालताना दाखवा की. पैठणमधे राहून हे कुठून सुचलं हेही विचारतात, पण ते नंतर.

दीवला गेलो होतो तेव्हा खुकरी या आपल्या नौदलाच्या युद्धनौकेच्या स्मारकात काचेतलं मॉडेल बघितलं. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारून ती बुडवली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. ती रात्र मला करायचीच नाहीये. मला त्याच्या आधीची एक साधी सकाळ पाहिजे, मुंबईच्या धक्क्याला खुकरी, किरपाण आणि कुठार अशा तिघी एका जातीच्या बहिणी शेजारी शेजारी बांधलेल्या. अशी सकाळ नेमकी कधी होती ते मी सांगू शकत नाही, ती मी मनानं मांडलीय.

आणि उभं जहाज सोपं नसतं बरं का. चालत्या जहाजाला पुढं फेस काढला की नजर तिकडंच जाते, उभ्याला लपायला जागाच नाही. म्हणून मी आधी प्लॅस्टिक कापत नाही, आधी वेळ ठरवतो. माझी वेळ आहे नोव्हेंबर 1971, सकाळचे सव्वाआठ. एवढं ठरलं की बाकीचं आपोआप ठरत जातं, बंदरात झेंडे सकाळी 8 ला चढतात म्हणजे ते वर पाहिजेत, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, तिरंगा आणि मागं नौदलाचा पांढरा झेंडा, तोही तेव्हाचा, लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा असलेला, आजचा लावला तर सगळं खोटं. थंडीत सकाळी वारा जमिनीकडून येतो म्हणून तिन्ही जहाजांचे झेंडे एकाच बाजूला. एक जरी उलटा फडकला तरी बघणाऱ्याला काहीतरी चुकलंय असं वाटतं, काय ते सांगता येत नाही पण वाटतं.

मग भरती-ओहोटी. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी 4 मीटरच्या वर चढतं-उतरतं. माझं प्रमाण 1/350, म्हणजे खुकरी साधारण 27 सेंटिमीटर आणि ओहोटीला धक्क्याची भिंत सव्वा सेंटिमीटर जास्त उघडी, त्यावर शेवाळाचा ओला काळा पट्टा. दोर तर कधीच ताणून लावायचे नाहीत, बैलाला दावं बांधताना त्याला उठबस करायला जागा ठेवतो ना, तसं पाणी चढायला-उतरायला ढील पाहिजे. शिवायचा दोरा या प्रमाणात जाड दिसतो, म्हणून मेणबत्तीवर प्लॅस्टिकची काडी गरम करून ओढतो, केसासारखी तार निघते. दोन जहाजांच्या मधे फेंडर, म्हणजे घासू नयेत म्हणून लावलेल्या गाद्या, एकीवरून दुसरीवर जायला फळी. आतल्या जहाजावरूनच बाहेरच्यावर जावं लागतं, त्यामुळं माणसांची वाट तिथं दिसली पाहिजे, माणूस 5 मिलिमीटरचा असला तरी.

पाणी निळं नाही करायचं, मुंबई बंदराचं पाणी मातकट हिरवं. आणि इथंच पैठण कामाला येतं, रविवारी नाथसागरावर, म्हणजे इथल्या धरणावर, जाऊन होड्या बघत बसतो. वारा असला तरी दोन होड्यांच्या मधल्या फटीत पाणी जवळजवळ सपाट असतं, बाहेर बारीक लाटा. हे फोटोत कळत नाही हो, बसून बघावं लागतं. तेच मी टिश्यूपेपर आणि फेविकॉलनं करतो, फटीत एकच थर, बाहेर सुरकुत्या.

खुकरी सगळ्यात बाहेर ठेवलीय. बाहेरची आधी सुटते, आतल्यांना थांबावं लागतं. तिच्या डेकवर आतापर्यंत अकरा जण उभे केलेत, अजून बरेच करायचेत.