तुम्ही विचारलंत म्हणून : पातळ लॅपटॉप मंदावल्यावर

“एवढे पैसे घालून पातळ लॅपटॉप घेतला आणि चार-पाच वर्षांत तो रडायला लागला, आता रॅम वाढवून घेऊ की नवाच आणू?” हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात आणि ज्यांच्या पुस्तकांची मुद्रिते मी तपासतो ते लेखकही विचारतात. माझा तेरा इंची, सव्वा किलोचा लॅपटॉप इंटेल प्रोसेसरांच्या सातव्या, म्हणजे जुन्या, पिढीतला असूनही माझे रोजचे काम त्याच्यावरच चालते, हे त्यांनी पाहिलेले असते. उत्तराचा पहिला भाग निराश करणारा आहे : रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी स्मृती, बहुधा वाढवता येणार नाही. दुसरा भाग मात्र दिलासा देणारा आहे. माझ्यापुढे आलेल्या मंदावलेल्या लॅपटॉपांपैकी बऱ्याच जणांचे दुखणे रॅमचे नव्हतेच. डिस्क, बॅटरी, चार्जर किंवा उष्णता यांपैकी काहीतरी बिघडलेले होते आणि या चारही गोष्टींवर इलाज करता येतो.

रॅमचा निकाल घरबसल्या लावता येतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी निवडली की खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी एक ओळ दिसते. तिथे ‘एसओडिम’ लिहिले असेल तर रॅमची पट्टी खाचेत बसवलेली आहे आणि ती बदलता येते. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिले असेल तर रॅमच्या चिपा मदरबोर्डालाच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पाटीलाच, सोल्डर केलेल्या (डाख देऊन जोडलेल्या) आहेत. अशा चिपा उखडून मोठ्या क्षमतेच्या बसवून देणारे कुशल कारागीर आहेत, हे मान्य. पण त्या खटाटोपात बोर्ड गेला तर त्याची किंमत लॅपटॉपच्या उरलेल्या किमतीहून जास्त पडते, म्हणून मी तो सल्ला कोणालाही देत नाही.

पातळपणाची ही किंमत आपण बरीच वर्षे मोजत आलो आहोत. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला, तेव्हाच त्याची २ जीबी रॅम बोर्डाला कायमची जोडलेली होती. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ची, म्हणजे पातळ आणि हलक्या लॅपटॉपांच्या वर्गाची, कल्पना पुढे आणली, २०१२ मध्ये डेलचा एक्सपीएस १३ आणि लेनोव्होचा थिंकपॅड एक्स१ कार्बन बाजारात आले आणि सोल्डर केलेली रॅम ही या वर्गाची रीतच होऊन बसली. २०१७ च्या, मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या सरफेस लॅपटॉपने तर कडेलोट केला : कीबोर्डभोवतीचे कापडी आवरण फाडल्याशिवाय तो उघडताच येत नसे आणि दुरुस्तीच्या सोयीनुसार उपकरणांना गुण देणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दहापैकी शून्य गुण दिले.

यामागे निव्वळ लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. पातळ लॅपटॉपांत कमी विजेवर चालणारी एलपीडीडीआर जातीची रॅम वापरतात; तिला कमी व्होल्टेजवर वेगाने काम करायचे असल्यामुळे प्रोसेसरपर्यंतची वाट आखूड आणि अखंड लागते, आणि मध्ये खाच आली की संकेत बिघडतात. परंतु ८ जीबीऐवजी १६ जीबी मागितल्यावर किंमत ज्या उडीने वाढते ती पाहिली, की ग्राहकाला नंतर स्वस्तात रॅम घालता येऊ नये ही सोय कंपन्यांना नकोशी असेल, यावर विश्वास बसत नाही. दरम्यान फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये सोळा मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या लॅपटॉपात रॅमच्या दोन खाचा बसवून दाखवल्या, आणि एलपीडीडीआर रॅमही स्क्रूने बसवता-काढता येईल असा एलपीकॅम२ हा प्रकार २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये आला. तात्पर्य, मार्ग निघू शकतो. तुमच्याजवळच्या यंत्राला मात्र त्याचा उपयोग नाही.

आता डिस्ककडे वळू, कारण वाढ करण्याजोगी खरी जागा तीच आहे. २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फाइली कायमच्या साठवणारी चिपांची डिस्क, काठोकाठ भरली की लॅपटॉप मंदावतो. नवी माहिती लिहिण्यापूर्वी जुन्या जागा पुसून मोकळ्या करण्याचे काम एसएसडी स्वतःच आत करत असते. त्यासाठी तिला मोकळी जागा लागते आणि ती उरली नाही की प्रत्येक लिखाण रखडते. ‘रॅम कमी पडते’ अशी तक्रार घेऊन आलेल्या अनेकांचा सी ड्राइव्ह लालभडक झालेला मी पाहिला आहे. बहुतेक पातळ लॅपटॉपांत एम.२ खाचेत बसणारी, २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टी असते. अपवाद आहेतच : २०१८ पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये साठवणही बोर्डालाच जोडलेली असते आणि २०२२ च्या एक्सपीएस १३ मध्येही, म्हणजे ९३१५ या मॉडेलमध्ये, एसएसडी सोल्डर केलेली आहे. म्हणून आधी आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. डेल आणि लेनोव्हो ती आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवतात, ही त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

नवी एसएसडी घेताना चिपा एकाच बाजूला असलेली पट्टी मागावी. दोन्ही बाजूंना चिपा असलेली किंवा वर धातूचा जाड पत्रा चिकटवलेली पट्टी पातळ लॅपटॉपात बसतच नाही, किंवा बसली तरी मागचे झाकण फुगते. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एसएसडी आणि ती यूएसबीला जोडायची डबी दोन्ही मिळतात. नवी पट्टी त्या डबीत घालून, क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने जुनीची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरवायची आणि मगच लॅपटॉप उघडायचा, हा क्रम मला सर्वांत सुरक्षित वाटतो. म्हणजे काही चुकलेच तर जुनी डिस्क जशीच्या तशी हाताशी राहते. या सगळ्याच्या आधी एक काम मात्र टाळून चालणार नाही. अनेक लॅपटॉपांत बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारे विंडोजचे साधन मालकाला पत्ताही न लागता चालू झालेले असते, आणि डिस्क किंवा बायोसची (यंत्र सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीची) मांडणी बदलताच यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधून कागदावर उतरवून ठेवावी आणि काम चालू असेपर्यंत एन्क्रिप्शन स्थगित करावे. त्याचप्रमाणे बायोसमधला साठवणीचा प्रकार, म्हणजे ‘रेड’ आणि ‘एएचसीआय’ या डिस्क हाताळण्याच्या पद्धतींपैकी जी निवडलेली असेल ती, उगाच बदलू नये. बदलला तर विंडोज सुरूच होत नाही आणि निष्कारण नव्या एसएसडीवर संशय जातो.

उघडण्याचे तंत्र अवघड नाही, पण घाई चालत नाही. स्क्रू काही लॅपटॉपांत साध्या फुली-खाचेचे, म्हणजे फिलिप्स जातीचे, तर काहींत तारकेच्या आकाराच्या खाचेचे, म्हणजे टॉर्क्स जातीचे, टी५ मापाचे असतात आणि एखाददुसरा रबरी पायाखाली किंवा पट्टीखाली दडलेला असतो. सगळे निघाले असे वाटूनही झाकण हलत नसेल तर जोर न लावता तो राहिलेला स्क्रू शोधावा. मग जुने प्लास्टिकचे एटीएम कार्ड कडेने फिरवत झाकण सोडवावे आणि आत गेल्यावर सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर काढावा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डालाही भोसकू शकतो. म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा.

बॅटरीविषयी लोक वेगळ्याच गोष्टीची काळजी करतात. किती तास टिकते हे सगळे मोजतात, पण ती फुगते आहे का, हे फारसे कोणी पाहत नाही. टचपॅडची कळ अचानक कडक झाली, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागला किंवा झाकण पूर्ण मिटेनासे झाले, तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी आहे. त्या क्षणी चार्जिंग थांबवावे, यंत्र बंद करावे आणि बॅटरी दाबून किंवा टोचून पाहण्याचा मोह आवरावा. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. फुगलेली नसेल तर तिची प्रकृती विंडोजच्या बॅटरी-अहवालात दिसते : मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे त्यात असतात, आणि दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे समजावे. नवी घेताना झाकणावरच्या मॉडेलवर विसंबू नये. जुन्या बॅटरीवर छापलेला भाग-क्रमांक, व्होल्ट आणि वॉट-तास जुळवून घ्यावेत आणि उत्पादनाची तारीखही पाहावी, कारण दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेली बॅटरी न वापरताच म्हातारी झालेली असते. ज्यांचा लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला जोडलेला असतो त्यांनी बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम राहणे फार बाधते, आणि पातळ यंत्रात तिचा शेजार प्रोसेसरचा असतो.

चार्जरच्या बाबतीत एक उदाहरण देतो, कारण हा दोष ओळखू न आल्याने चांगली यंत्रे भंगारात जातात. एका लेखिकेचा लॅपटॉप इतका मंद झाला होता की अक्षर टाइप केल्यानंतर ते पडद्यावर उमटायला वेळ लागे, आणि दुरुस्तीवाल्याने ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून टाकले होते. टास्क मॅनेजरमध्ये पाहिले तर प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या खालीच अडकलेला, आणि चार्जर काढताच तो पूर्ववत! काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. चार्जर किती वॉटचा आहे याची ओळख तिच्यातून लॅपटॉपला पटते. ती वाकली, तुटली किंवा तिची तार आत सुटली की यंत्र सावध होते, बॅटरी भरणे थांबवते आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ओढते. चार्जर बदलल्यावर तो लॅपटॉप ताळ्यावर आला. यूएसबी-सीवर चार्ज होणाऱ्या यंत्रांत याचाच दुसरा प्रकार आढळतो : लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॉट लागत असताना मोबाइलचा २५ वॉटचा चार्जर लावून ‘चार्ज होतोय की’ म्हणणारे लोक संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरल्याचे पाहून चकित होतात.

उष्णतेबद्दल थोडक्यात सांगतो. पातळ लॅपटॉप खालून हवा ओढतो, त्यामुळे गादीवर किंवा उशीवर ठेवला की गुदमरतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मंद होतो. काही वर्षांनी पंख्यात धूळ साठते आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप, वाळते. दोन्ही कामे एकदाच झाकण उघडून उरकता येतात. पिशवीतून काढल्यावर लॅपटॉप तापलेला आणि बॅटरी रिकामी, ही तक्रार मात्र वेगळी आहे. ‘मॉडर्न स्टँडबाय’ असलेली यंत्रे झोपेतही अधूनमधून जागी होऊन काम करतात. झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ होईल, म्हणजे चालू काम डिस्कवर उतरवून यंत्र बंद होईल, अशी मांडणी केली की तो उपद्रव थांबतो.

एवढे सगळे करूनही एक भिंत आडवी येते आणि ती यंत्राच्या बाहेरची आहे. विंडोज १० चे नेहमीचे अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ ला, इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर चालतो. सातव्या पिढीचा धडधाकट लॅपटॉप त्यामुळे कागदोपत्री बाद ठरतो, हे मला साफ अमान्य आहे. मी माझ्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली. मराठी टाइप करण्याचा इन्स्क्रिप्ट कळपाट त्यात मुळातच असतो, लिबरऑफिसमध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित चालते आणि ८ जीबी रॅम मला पुरते. श्रीलिपी या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली आल्या की प्रकाशकांच्या कार्यालयातल्या विंडोज यंत्राकडे जावे लागते. तेवढी गैरसोय मी पत्करली आहे. जिला कर भरण्याच्या हंगामात अमुकच सॉफ्टवेअर लागते त्या माझ्या मावसबहिणीला हा मार्ग मी सुचवला नाही.

तेव्हा दुरुस्ती की नवा, याचा हिशेब मी असा मांडतो. एसएसडी आणि बॅटरी मिळून नव्या यंत्राच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात बसत असतील तर दुरुस्ती करावी. कीबोर्ड गेला असेल तर थोडे थांबून भाव काढावा, कारण पातळ लॅपटॉपांत तो वरच्या चौकटीला बारीक रिव्हेटांनी जोडलेला असतो आणि तो बदलायचा म्हणजे बॅटरी, पंखा, बोर्ड सगळेच बाहेर काढावे लागते. बोर्डावर चहा सांडून यंत्र बंद पडले असेल तर एसएसडी काढून डबीत घालावी, माहिती वाचवावी आणि नव्याच्या शोधाला लागावे. नवा घेताना रॅमच्या ओळीत ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘सोल्डर्ड’ असे लिहिलेले असेल तर १६ जीबीच्या खाली घेऊ नये. एसएसडी खाचेत आहे ना, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. आणि त्या दोन्हींसाठी पैसे कमी पडत असतील तर पडदा, रंग किंवा एसएसडीची क्षमता यांवरचा खर्च कमी करावा, रॅमवरचा नव्हे, कारण एसएसडी नंतरही मोठी करता येते, रॅम येत नाही.