ड तुकडीची वही

१९८३-८४ साली मी सातवी ड मध्ये होते. मधल्या सुट्टीत नळावर रांग लागली की अ तुकडीतली मुलं 'ड'चा उच्चार 'ढ' असा करायची. आम्हीही हळूहळू तसंच म्हणायला लागलो होतो. गणिताच्या तासाला सरांनी प्रश्न विचारला तर आधी मान खाली घालायची आणि मग प्रश्न ऐकायचा, असा आमचा क्रम होता.

मुलाला 'ढ' का म्हणतात, हे मी पुढे एम. ए. करताना वाचलं. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीपासून बाकीच्या अक्षरांची वळणं बदलत गेली, पण ढ जवळपास होता तसाच राहिला. म्हणून जो बदलत नाही तो ढ, अशी व्युत्पत्ती सांगतात. ती वाचून त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मला रडू आलं. बारा वर्षांच्या चाळीस मुलांना आपण रोज काय सांगत होतो, ते तेव्हा उमगलं.

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो माझ्या बाकावरचा सोबती. धनगराचा मुलगा. आई-वडील मेंढरं घेऊन फिरतीवर असायचे, हा गावात मावशीकडे राहून शिकायचा. वाचायला अडखळायचा. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईच जास्त असायची. पण एकदा रविवारी त्याच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावर, गेले होते, तेव्हा संध्याकाळी कोकरं सोडताना पाहिली. शंभरावर मेंढ्या एका आवाजात ओरडत होत्या. हा एकेक कोकरू उचलायचा आणि गर्दीत शिरून नेमकं त्याच्या आईपाशी नेऊन सोडायचा. एकदाही चुकला नाही. मला त्या सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसत होत्या.

त्या वर्षी गणिताच्या सरांनी शिष्यवृत्तीचे जादा तास सर्व तुकड्यांना खुले केले. तोवर ते फक्त अ तुकडीसाठी असत. ड मधून आम्ही तिघं गेलो. बुद्धिमत्ता चाचणीचा सराव चालू होता. गटात न बसणारा शब्द ओळखा: मेंढी, शेळी, गाय, घोडा.

उत्तर अर्थातच घोडा, कारण बाकीच्या तिघी दुभत्या. माझ्या सोबत्याने लिहिलं होतं 'गाय'. वर्ग हसला. सर त्याच्याजवळ आले आणि म्हणाले, "का रे बाळा, गाय का?"

तो उभा राहिला. "मेंढरं, शेरडं, घोडं समदी वाड्यासंगं चालत्यात, सर. गाय न्हाई चालत. ती गावातच ऱ्हाती."

सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी फळ्यावर दोन रेघा ओढून चार खण केले. पहिल्यात लिहिलं 'घोडा: दूध काढत नाहीत'. दुसऱ्यात 'गाय: वाड्याबरोबर चालत नाही'. उरलेले दोन खण रिकामे ठेवून म्हणाले, "आता मेंढी आणि शेळी गटाबाहेर काढून दाखवा." मेंढी लगेच निघाली, लोकरीवरून. शेळीपाशी सगळे अडले. शेवटी क तुकडीतली एक मुलगी म्हणाली, "शेळी मागच्या पायांवर उभी राहून झाडाचा पाला खाते." चारही खण भरले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

जाताना सर त्याला म्हणाले, "परीक्षेत मात्र घोडाच लिहायचं. तपासणाऱ्याकडे एकच उत्तर असतं." हे त्यांनी सांगितलं, याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. त्यांनी मुलाला खोटं धैर्य दिलं नाही.

आज मी मुलांच्या बुद्धिमापनाचं काम करते. सव्वीस वर्षं झाली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने यांची चाचणी बसवली, ती बिने-कामत चाचणी अजूनही वापरात आहे. तिच्यातले प्रश्न इथे लिहिणं योग्य नाही, पण तिची मूळ गोष्ट लिहायलाच हवी, कारण पालक माझ्यासमोर बसून "आकडा किती आला?" एवढंच विचारतात.

आल्फ्रेड बिने हे पॅरिसचे मानसशास्त्रज्ञ. सरकारने त्यांना काम दिलं होतं ते हुशार मुलं निवडण्याचं नव्हे. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी, ज्यांना वेगळ्या मदतीची गरज आहे अशी मुलं ओळखायची होती. १९०५ साली त्यांनी थिओडोर सिमों यांच्याबरोबर तीस कृतींची पहिली श्रेणी तयार केली. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेलं, कधीही न वाढणारं माप, असं मानणाऱ्यांवर १९०९ च्या पुस्तकात त्यांनी कडाडून टीका केली. तो क्रूर निराशावाद आहे असं म्हटलं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष एकाग्र करण्याचे व्यायाम सुचवले. त्यातला एक म्हणजे सांगितल्याबरोबर पुतळ्यासारखं स्तब्ध राहायचं. आपण शाळेच्या पटांगणात स्टॅच्यू खेळायचो, तेच. १९११ साली बिने गेले. १९१२ मध्ये जर्मनीतल्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली आणि बुद्ध्यांक जन्माला आला. ज्या चाचणीने कोणाला हात द्यायचा ते शोधायचं होतं, तिचा मग चाळणीसारखा उपयोग सुरू झाला.

त्या चाळणीचं एक उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार उच्च बुद्ध्यांकाची मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास करवला. यातूनच उद्याचे प्रतिभावंत निघतील अशी अपेक्षा होती. मुलं चांगली शिकली, स्थिरावली, कित्येक नामवंतही झाली. पण चाचणीत कमी पडली म्हणून वगळलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली. निवडलेल्यांपैकी कुणालाही नोबेल मिळालं नाही.

बिने यांच्याबद्दलची आणखी एक गोष्ट मात्र मला माझ्या बाकापाशी परत घेऊन येते. बुद्धिमापनाच्या आधी, १८९० च्या दशकात, त्यांनी झाक इनोदी नावाच्या माणसाचा अभ्यास केला होता. इनोदी मूळचा इटलीतल्या पिएमोंतचा, लहानपणी मेंढ्या राखणारा. लिहा-वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधी तो प्रचंड आकडेमोड तोंडी करायचा. १८९२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर त्याला उभं केलं. बिने यांना दिसलं की तो आकडे डोळ्यांपुढे आणत नाही, ते कानांत ऐकतो. मग त्यांनी एक साधी तुलना केली. पॅरिसच्या एका मोठ्या दुकानातले, वर्षानुवर्षं हिशेब करणारे रोखपाल बोलावले आणि त्यांनाही तेच गुणाकार घातले. छोट्या गुणाकारांत एक रोखपाल इनोदीच्याही पुढे निघाला. मोठे आकडे लक्षात ठेवायचे झाले की इनोदीला तोड नव्हती. हे वाचलं तेव्हा मला समजलं की वाड्यावर मी जे पाहिलं ती जादू नव्हती. तो मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून रोज संध्याकाळी तीच कोकरं उचलत होता. त्याने त्याचं मोठेपण कमी होत नाही. मला तर ते त्यामुळेच मोठं वाटतं.

आता वहीबद्दल. सहामाहीच्या आधी एका तासाला सरांनी फळ्यावर ३५२४ लिहिलं. "कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा." ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. "आता ६१७४ ला तेच करा." ७६४१ वजा १४६७. ६१७४! आम्ही प्रत्येकाने आपापला आकडा घेतला. मी जन्मसाल घेतलं, १९७१, ते दोनच पायऱ्यांत पोचलं. सगळे ६१७४ वरच येऊन थांबले.

सरांनी मग कापरेकरांचं नाव सांगितलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. विद्यापीठातली नोकरी नाही, पुढची पदवी नाही. ६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ साली मांडला. मुंबईजवळच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या असंच नाव दिलं. आपल्याकडच्या अनेकांना ते संख्यांशी चाललेले पोरखेळ वाटायचे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते नाव कळलं. आम्ही फळ्यासमोर बसलो होतो तेव्हा कापरेकर हयात होते. एक शाळामास्तर गणितात नवं काही शोधू शकतो, हे ऐकून आमच्या सरांचाच आवाज थोडा बदलला होता.

तास संपला, बाकीचे विसरले. माझा सोबती विसरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीत वीस आकडे होते आणि प्रत्येकापुढे किती पायऱ्या लागल्या ते लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात साठ. एकदा मी त्याला म्हटलं, "आज मी ५२०० केलं, सात पायऱ्या लागल्या." तो म्हणाला, "मी २००५ केलंय. ते येकच हाय." मला कळेना. त्याने बोटाने दाखवलं: अंक तेच, म्हणजे उतरत्या-चढत्या क्रमाने लावल्यावर आकडेही तेच, म्हणजे पुढचं सगळं तेच. "ही येकाच मेंढीची कोकरं. मेंढी मोजली की कोकरं मोजायला नगं."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चार अंकी आकडे ९,०००, पण त्याच्या पद्धतीने पाहिलं, पुढे शून्य असलेलेही धरले, तर निरनिराळ्या 'मेंढ्या' फक्त ७०५ भरतात. हा हिशेब मी कॉलेजात गेल्यावर सूत्राने केला. त्याने सूत्राशिवाय, वाचताना अडखळत असतानाच, कामाचा तो प्रचंड डोंगर टेकडीएवढा करून टाकला होता. दिवाळीच्या तोंडावर त्याने सरांना सांगितलं, "सातच्या वर येक बी जात न्हाई." सरांनी ते पडताळायला चार रात्री घातल्या असाव्यात, शुक्रवारी ते तारवटलेल्या डोळ्यांनी वर्गात आले आणि सर्वांसमोर त्याला म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

तो प्रतिभावंत होता का, असं मला माझे विद्यार्थी विचारतात. संस्कृतच्या बाईंनी आम्हाला काव्यशास्त्रकार भट्टतौताचं वचन शिकवलं होतं: प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता. नवनवे उन्मेष जिला होतात ती प्रज्ञा म्हणजे प्रतिभा. उन्मेष म्हणजे पापणी उघडणं. पुन्हा पुन्हा, नव्याने उघडणं. त्या दोन महिन्यांत मी ते रोज शेजारी बसून पाहिलं, म्हणून माझं उत्तर 'हो' असंच आहे. पण त्यासाठी त्याचं डोकं पुरेसं नव्हतं. वाड्यावरच्या त्या संध्याकाळी हव्या होत्या, ६१७४ देणारे कापरेकर हवे होते आणि 'का रे बाळा' असं विचारणारा एक माणूस हवा होता. बुद्ध्यांकाच्या आकड्यात यातलं काहीच येत नाही. म्हणून मी चाचणी घेताना मुलाचं उत्तर चुकलं तर नियमाप्रमाणे शून्य लिहिते आणि समासात त्याचं कारण लिहून घेते. माझ्या अहवालात पालकांना आकड्याच्या आधी ती कारणं वाचायला मिळतात.

दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे निघाला. वडिलांच्या हाताखाली माणूस कमी होता, त्याला बरोबर जावं लागलं. शिष्यवृत्तीची परीक्षा झाली तेव्हा माझ्या मागचा बाक रिकामा होता. मागच्या महिन्यात शाळेत आले होते तेव्हा लेखनिकांनी जुनं हजेरीपत्रक काढून दिलं. त्याच्या ओळीत नोव्हेंबरपासून गैरहजेरी आणि शेवटी शेरा: नाव कमी केले.

निघताना त्याने वही माझ्याकडे दिली होती. "वाटंत भिजंल," म्हणाला. तिच्यात २११ मेंढ्या आहेत, प्रत्येकीपुढे पायऱ्या लिहिलेल्या, एकही चूक नाही. मी सगळ्या तपासल्या आहेत. महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी ती मी घेऊन येते आहे. संयोजकांना एकच विनंती, ती काचेच्या कपाटात ठेवू नका. ड तुकडीच्या वर्गात, पहिल्या बाकावर, पेन्सिलीसह ठेवा. मागची पानं कोरी आहेत आणि ४९४ मेंढ्या अजून मोजायच्या राहिल्या आहेत.